सभासद क्रमांकातला स्वल्पविराम: मेंटेनन्स बिलांच्या ईमेलचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचे काम सांभाळते. तिचे खरे ग्राहक म्हणजे हिशेबनीस. एकेक जण दहा-वीस सोसायट्यांची खाती बघतो, महिन्याच्या किंवा तिमाहीच्या सुरुवातीला बिले काढतो, पावत्या करतो, थकबाकीची यादी सेक्रेटरींच्या हातात देतो. हिशेबाचा प्रोग्रॅम त्याच्या ऑफिसातल्या संगणकावर चालतो. बिले तयार झाली की तिथून एक एक्सएमएल फाइल (खुणांमध्ये बांधलेली माहिती) कंपनीच्या सर्व्हरवर येते आणि पुढचे काम इंटिग्रेशनच्या थराकडे, म्हणजे दोन प्रणाली जोडणाऱ्या भागाकडे जाते. अपाचे कॅमल या जोडणीच्या सॉफ्टवेअरवर बांधलेला हा थर फाइल उचलतो, तिचे सभासदागणिक तुकडे करतो, प्रत्येकाची मेल तयार करतो, बिलाची पीडीएफ जोडतो, मेल सर्व्हरकडे देतो आणि ‘पाठवली’ किंवा ‘अडली’ अशी नोंद हिशेबनिसाच्या पडद्यावर परत पोचवतो. पावत्या, थकबाकीची पत्रे, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा हे सगळे याच वाटेने जाते.

मला या कामात तपासणीसाठी बाहेरून बोलावले होते, आणि घडून गेल्यावर सगळे कागद, लॉग आणि पाठवलेल्या मेल माझ्यासमोर होत्या. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि उदाहरणातले क्रमांक व रकमा समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक कारणे मात्र जशी होती तशीच आहेत.

अडचण

सुरुवातीची कित्येक वर्षे मेलचा मजकूर जावा भाषेतल्या कोडमध्येच होता. वाक्याचा एक तुकडा, मग सभासदाचे नाव, मग पुढचा तुकडा, अशी जोडाजोड. सोसायट्या थोड्या होत्या तोवर हे चालले. पुढे मागण्या वाढल्या. एका सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख बिलाच्या मेलमध्येच हवी, दुसऱ्यांना गणपतीच्या वर्गणीची ओळ हवी, तिसऱ्यांना ‘प्रिय सभासद’ऐवजी ‘सप्रेम नमस्कार’. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमरने कोड बदलायचा, टेस्टिंग करायचे, रिलीज काढायचा. दोन शब्दांसाठी आठवडा जायचा आणि हिशेबनिसांचा धीर सुटायचा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती, पण तिच्याकडे कोणी तक्रार म्हणून पाहिले नव्हते. एका हिशेबनिसाला चेक परत आल्याचा शेरा इंग्रजीत, कोनी कंसात लिहायची सवय होती. एक्सएमएलमध्ये तो शेरा नीट यायचा. कोडने तो तसाच एचटीएमएलमध्ये, म्हणजे मेलची मांडणी सांगणाऱ्या भाषेत, चिकटवला की सभासदाच्या मेल-अॅपला तो अनोळखी टॅग, म्हणजे मांडणीची खूण, वाटायचा आणि शब्द पडद्यावर दिसायचेच नाहीत. सभासदाला चेक परत आल्याचा दंड दिसे, कारण दिसत नसे. तो हिशेबनिसाला फोन करी, हिशेबनीस म्हणे की शेरा लिहिलेला आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असत.

तिसरी मागणी मराठीची. सभासद बहुतांशी मराठी असलेल्या सोसायट्यांना बिल, नोटीस, थकबाकीचे पत्र मराठीतच हवे होते. कोडमधल्या तुकड्यांत मराठी घालायचा एक प्रयत्न झाला होता. मराठी वाक्यात रकमेची, नावाची, तारखेची जागा इंग्रजी वाक्यापेक्षा वेगळी पडते, त्यामुळे तुकडे जोडायचा क्रमच बदलायला लागला आणि तो प्रयत्न अर्ध्यावर सोडला गेला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता. वाक्ये कोडबाहेरच्या एका साध्या यादीत, म्हणजे प्रॉपर्टीज फाइलमध्ये, काढायची आणि जावातल्या मेसेजफॉरमॅटने क्रमांकित जागांवर माहिती भरायची. एका ओळीच्या एसएमएसला हे पुरते. बिलात मात्र बाबींची संख्या ठरलेली नसते. कोणाला पार्किंग आहे, कोणाला नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात. बाबींची यादी फिरवून छापायची सोय इथे नव्हती.

एक्सएसएलटीचा, म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर लिहायच्या भाषेचा, विचारही झाला. मूळ माहिती एक्सएमएलमध्येच असल्याने कागदावर तो चोख बसत होता. पण टीममध्ये तो सहज वाचणारे दोघेच होते, आणि मजकूर बदलायचे काम तर सपोर्टच्या मंडळींकडे द्यायचे होते.

मेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे त्यांची स्वतःची टेम्प्लेट्स असतात, म्हणजे माहितीसाठी जागा सोडलेले मजकुराचे साचे. आपण फक्त माहिती धाडायची, मजकूर तिकडे तयार होतो. काम वाचले असते. पण त्यात प्रत्येक सभासदाच्या थकबाकीचा सुटा सुटा तपशील बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि मजकुराचा इतिहास आपल्या कोडच्या इतिहासापासून तुटतो. एप्रिलमधल्या मेलमध्ये नेमके कोणते वाक्य होते याचे उत्तर दुसऱ्याकडे मागावे लागते. टीमने हे नाकारले ते योग्यच केले.

उरली जावाच्या जगातली तीन टेम्प्लेट इंजिने: व्हेलॉसिटी, थायमलीफ आणि फ्रीमार्कर. थायमलीफचे टेम्प्लेट सरळ ब्राउझरमध्ये उघडून बघता येते आणि ते नेहमीच्या वापरात माहिती एचटीएमएलसाठी सुरक्षित करून, म्हणजे कोनी कंसासारखी चिन्हे टॅग समजली जाणार नाहीत अशा रूपात, छापते. पण टीम वापरत असलेल्या कॅमलच्या आवृत्तीत त्याची तयार जोडणी नव्हती. खरी तुलना झाली ती बाकीच्या दोघांत, आणि ती एका प्रश्नावर येऊन थांबली: माहितीच आली नाही तर इंजिन काय करते?

व्हेलॉसिटीला एखादे नाव सापडले नाही तर ते डॉलरच्या चिन्हासकट ते नावच जसेच्या तसे छापते. सभासदाला ‘$देय_रक्कम’ अशी मेल जाऊ शकते. (टेम्प्लेटमधली नावे इथे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहितो आहे.) उद्गारचिन्ह घालून ते गप्प करता येते, मग तिथे मोकळी जागा राहते. फ्रीमार्कर अशा वेळी थांबतो, चूक दाखवतो आणि मेल तयारच होत नाही. शिवाय २०१६ मध्ये आलेल्या २.३.२४ आवृत्तीपासून त्याला फाइलच्या एक्स्टेन्शनवरून कळते की हे एचटीएमएल आहे, आणि तो छापली जाणारी प्रत्येक किंमत आपोआप सुरक्षित करतो. इंजिनला त्या किंवा नंतरच्या आवृत्तीप्रमाणे वागायला सांगितलेले असावे लागते, एवढीच अट. कोनी कंसातल्या शेऱ्याचा प्रश्न इथे मुळातूनच सुटत होता.

टीमने फ्रीमार्कर घेतला. हिशेबाच्या कामाला हीच निवड शोभते असे माझे मत आहे. पैशांच्या मेलमध्ये अर्धवट वाक्य जाण्यापेक्षा मेल न जाणे बरे.

पहिला निर्णयाचा टप्पा: थांबायचे की रिकामे सोडायचे

चाचणीच्या पहिल्याच दिवशी एका सोसायटीची सगळी फाइल अडली. तळमजल्यावरच्या एका दुकानाला पार्किंगची नोंदच नव्हती, टेम्प्लेटने ती मागितली, फ्रीमार्कर थांबला. कॅमलमध्ये फाइलचे तुकडे करणाऱ्या पायरीला ‘एक चुकला की सगळे थांबव’ असे सांगून ठेवले होते, त्यामुळे बाकीच्या सभासदांच्या मेलही तिथेच राहिल्या.

त्यावर दोन उपाय होते. एक, तुकडे करणाऱ्या पायरीची ती अट काढायची आणि अडलेला तेवढा सभासद बाजूच्या रांगेत टाकायचा. दुसरा, टेम्प्लेटमधल्या प्रत्येक नावापुढे उद्गारचिन्ह लावायचे. फ्रीमार्करमध्ये त्याचा अर्थ होतो की किंमत नसेल तर रिकामे छाप. लाइव्ह जायची तारीख जवळ आली होती. टीमने दुसरा उपाय केला, आणि शोधा-बदला करून सर्वत्र केला.

ज्या गुणासाठी हे इंजिन निवडले तोच गुण त्या दुपारी काढून टाकला गेला. फ्रीमार्कर आता व्हेलॉसिटीच्या गप्प केलेल्या रूपासारखा वागू लागला. त्याचे फळ दुसऱ्या महिन्यात दिसले. एका सोसायटीच्या फाइलमध्ये रकमेच्या रकान्याचे नाव हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीने बदलले, आणि त्या सोसायटीतल्या प्रत्येकाला मेल गेली: ‘आपली देय रक्कम रु. आहे. कृपया मुदतीत भरणा करावा.’ पीडीएफ बरोबर होती म्हणून नुकसान थोडे झाले. पण कुठेच चूक नोंदली गेली नव्हती आणि हिशेबनिसाच्या पडद्यावर सगळीकडे ‘पाठवली’ होते.

पहिला लाइव्ह महिना

त्याआधीच, पहिल्या महिन्यात, मोठा प्रकार घडून गेला होता. बिलाच्या मेलमध्ये ‘इथे भरणा करा’ अशी लिंक होती आणि तिच्या शेवटी सभासदाचा क्रमांक. हा क्रमांक सोसायटीतला नव्हे, तर कंपनीच्या सगळ्या सोसायट्यांमध्ये मिळून एकच चालणारा. सकाळी नऊच्या सुमारास मेल सुटायला लागल्या आणि दहाला सपोर्टचा फोन वाजायला लागला. एका सेक्रेटरींचे बोलणे तक्रारीच्या नोंदीत तसेच उतरवलेले आहे: “अहो, पैसे भरायला बसलोय तर तुमचं पान म्हणतंय असा सभासदच नाही. सोसायटी रजिस्टर झाली तेव्हापासून राहतोय मी इथे.”

कारण असे होते. फ्रीमार्करला संख्या दिली की तो ती माणसाने वाचायची आहे असे धरतो आणि लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे, सजवून छापतो. सभासद क्रमांक 1045 असेल तर लिंकमध्ये 1,045 जातो. भरणा करायच्या पानाला स्वल्पविरामासकटचा क्रमांक ओळखता येत नव्हता. चाचणीसाठी केलेल्या सोसायटीतले क्रमांक एक ते पन्नास होते. हजाराच्या खाली स्वल्पविराम येत नाही, म्हणून चाचणीत सगळ्या लिंक चालल्या होत्या.

मराठी टेम्प्लेटमध्ये याची आणखी एक पायरी होती. त्यात पहिल्याच ओळीत लोकेल मराठी ठरवलेले होते. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर जावा ८ होते. त्यात मराठीची स्वतःची लोकेल-माहिती नाही, त्यामुळे आकडे इंग्रजीच छापले जात. सर्व्हरवर जावा ११ होते. जावा ९ पासून लोकेलची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून घेतली जाते, आणि तिथे मराठीचे आकडे देवनागरी आहेत. त्यामुळे सर्व्हरवरून निघालेल्या लिंकमध्ये १,०४५ होते. एकच टेम्प्लेट, एकच माहिती, दोन यंत्रांवर दोन वेगळ्या लिंक. ज्यांनी आपल्या लॅपटॉपवर ‘माझ्याकडे तर बरोबर दिसते’ म्हणून सांगितले, त्यांना खरोखरच तसे दिसत होते.

रकमांतही घोळ होता. सव्वा लाख रुपये 125,000 असे छापले गेले. जावाच्या नेहमीच्या डेसिमलफॉरमॅटला एकाच मापाचे गट करता येतात. त्याला लाखाची पद्धत, म्हणजे आधी तीन आणि पुढे दोन-दोन, जमत नाही. भारताचे लोकेल दिले तरीही नाही. थकबाकीच्या पत्रात 1,25,000 ऐवजी असा आकडा पाहून एका ज्येष्ठ हिशेबनिसांनी पत्रेच थांबवायला सांगितली. त्यांचे म्हणणे रास्त होते. वयस्कर सभासदाला तो आकडा साडेबारा लाख की सव्वा लाख हे पहिल्या नजरेत कळत नाही, आणि थकबाकीच्या पत्राला घरात जे वजन असते ते पाहता ही किरकोळ बाब नव्हे.

दुसरा निर्णयाचा टप्पा: गेलेल्या मेलचे काय

साडेदहाला पाठवणी थांबवली तेव्हा निम्म्याहून जास्त मेल गेलेल्या होत्या. आता काय करायचे यावर टीममध्ये मतभेद झाले, आणि या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय त्या अर्ध्या तासात घेतला गेला.

एक बाजू म्हणत होती की टेम्प्लेट दुरुस्त करून सगळ्यांना नवी मेल पाठवू, वर ‘आधीच्या मेलकडे दुर्लक्ष करावे’ अशी ओळ घालू. दुसरीचे म्हणणे होते की एकाच बिलाच्या दोन मेल गेल्या की काही सभासद दोनदा भरणा करतात, मग ते पैसे पुढच्या बिलात वळते करायचे काम हिशेबनिसांच्या गळ्यात पडते. शिवाय जुनी मेल सभासदाच्या डब्यात राहतेच. महिनाअखेरीला भरणा करायला बसलेला माणूस कोणती उघडेल याचा भरवसा नाही.

सपोर्टमधल्या एका ताईंनी प्रश्न उलटा केला. लिंक परत बोलावता येत नाही, पण ती जिथे पोचते ते पान तर आपलेच आहे, मग त्यालाच स्वल्पविराम समजावता येणार नाही का? पान जावातच लिहिलेले होते, आणि जावाची आकडे वाचणारी नेहमीची सोय देवनागरी अंकही ओळखते. म्हणजे १०४५ ला त्या पानाची हरकत नव्हतीच. अडत होता तो फक्त स्वल्पविराम. पानात तो काढून टाकणारी एक ओळ घातली, आणि अकराच्या आत गेलेल्या सगळ्या मेलमधल्या लिंक चालू झाल्या. कोणालाही दुसरी मेल गेली नाही. उरलेल्या मेल टेम्प्लेट दुरुस्त करून दुपारी सोडल्या.

टेम्प्लेटमधली दुरुस्ती लहानच होती. फ्रीमार्करमध्ये क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह आणि इंग्रजी ‘सी’ लिहिले की संख्या यंत्राने वाचायच्या रूपात, स्वल्पविरामाशिवाय आणि इंग्रजी अंकांत छापली जाते. पण ही खूण लक्षात ठेवून प्रत्येक लिंकमध्ये लावायची म्हणजे पुढच्या माणसाच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे झाले. तपासणीत मी याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ दिला.

तिसरा निर्णयाचा टप्पा: टेम्प्लेटने किती हुशार असावे

टेम्प्लेट उघडून वाचायला घेतले तेव्हा त्यात मजकुरापेक्षा हिशेब जास्त सापडला. फ्लॅट भाड्याने असेल तर सेवाशुल्काच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस टेम्प्लेटच काढत होते. महाराष्ट्रात २००१ च्या शासन आदेशापासून हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणून कोणीतरी ‘दहा टक्केच तर आहेत’ म्हणून ते तिथेच लिहून टाकले होते. पण दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे, सोसायटी त्याहून कमीही आकारू शकते. आणि पूर्णांकाचा प्रश्न होताच. सेवाशुल्क 4,125 असेल तर टेम्प्लेट 412.50 छापे, हिशेबाचा प्रोग्रॅम रुपयात पूर्ण करून पीडीएफमध्ये 413 छापे. मेल आणि तिला जोडलेले बिल यांत पन्नास पैशांचा फरक. सोसायटीच्या सभेत पन्नास पैशांवरून किती वेळ जाऊ शकतो हे ज्याने सभा पाहिली आहे त्याला सांगायला नको.

इथे टीमने जे केले ते मी आता प्रत्येक इंटिग्रेशनच्या कामात सुचवतो. टेम्प्लेटच्या आधी एक पायरी घातली. ही पायरी एक्सएमएलमधली कच्ची माहिती घेते आणि टेम्प्लेटला फक्त तयार अक्षरे देते: रक्कम लाखाच्या स्वल्पविरामांसह, तारीख त्या भाषेत, बाबींची यादी नाव आणि रक्कम अशा जोड्यांत, भरणा करायची लिंक पूर्ण बनवलेली. टेम्प्लेटकडे संख्या म्हणून काही जातच नाही, त्यामुळे सजवण्यासारखे त्याच्या हाती काही उरत नाही. लाखाच्या गटांसाठी आयसीयू ही लायब्ररी घेतली, तिला दोन मापांचे गट जमतात. मराठी मेलमध्ये आकडे देवनागरी हवेत की इंग्रजी, हे सोसायटीच्या सेटिंगमधून याच पायरीला सांगितले जाते. बऱ्याच सोसायट्यांनी मजकूर मराठी आणि आकडे इंग्रजी असे निवडले, कारण बँकेचा व्यवहार त्याच आकड्यांत होतो.

टेम्प्लेटमध्ये उरले ते शब्द, एक फिरती यादी, आणि ‘पार्किंग असेल तर ही ओळ’ अशा मोजक्या अटी. सरसकट लावलेली उद्गारचिन्हे काढली. नाव, बिल क्रमांक, रक्कम, मुदत यांना पर्यायी किंमत नाही. यातले एक जरी आले नाही तरी तेवढ्या सभासदाची मेल बाजूच्या रांगेत जाते आणि हिशेबनिसाला ‘अडली: रक्कम नाही’ असे दिसते.

चौथा निर्णयाचा टप्पा: लेखणी कोणाच्या हातात

सेक्रेटरींना मजकूर स्वतः बदलायचा होता, आणि टेम्प्लेट इंजिन घेण्यामागे ते एक मोठे कारण होते. टीमचा बेत असा होता की टेम्प्लेट डेटाबेसमध्ये ठेवायचे, वेबवर संपादनाचे पान द्यायचे, आणि कॅमलच्या हेडरमधून, म्हणजे संदेशासोबत जाणाऱ्या जोड-माहितीतून, ते इंजिनला पुरवायचे. काम निम्मे झालेही होते.

ते मी थांबवायला सांगितले. टेम्प्लेट म्हणजे दिसायला पत्र असले तरी तो प्रोग्रॅम आहे. फ्रीमार्करच्या टेम्प्लेटमधून, अडवले नाही तर, जावाचे क्लास, म्हणजे कोडचे तयार भाग, उभे करता येतात, आणि त्यातल्या एकातून सर्व्हरवर आज्ञा चालवता येतात. सेक्रेटरी तसे करणार नाहीत, पण त्यांचा पासवर्ड ज्याच्या हाती पडेल तो करू शकतो. कॅमलमध्ये याच वाटेची त्रुटी २०२० मध्ये जाहीर झाली होती. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२०-११९९४ या क्रमांकाची ती त्रुटी टेम्प्लेटच्या जोडण्यांतून सर्व्हरवरच्या फाइल उघड होण्याची आणि बाहेरून टेम्प्लेट घुसवण्याची होती. ती ३.४.० आणि २.२५.२ या आवृत्त्यांत बुजवली गेली. हेडरमधून टेम्प्लेट घेणे तेव्हापासून मुद्दाम चालू करावे लागते, आणि टीम नेमके तेच चालू करायला निघाली होती.

तोडगा निघाला तो साधा आहे. सोसायटीला दोन मोकळ्या जागा दिल्या: वरचा मजकूर आणि तळटीप. सेक्रेटरी तिथे जे लिहितात ती टेम्प्लेटच्या दृष्टीने निव्वळ माहिती असते. ती सुरक्षित करून छापली जाते आणि तिच्यातल्या कोणत्याही खुणेचा अर्थ लावला जात नाही. सभासदाचे नाव किंवा फ्लॅट क्रमांक मध्ये घालायचा असेल तर चार-पाच ठरलेले शब्द चौकटी कंसात लिहायचे, तेवढेच बदलले जातात. ठळक अक्षरे, रंग हवेत अशी मागणी आली. ती नाकारली, फक्त ओळ मोडायची सोय ठेवली. टाकीच्या सफाईची तारीख आता सेक्रेटरी स्वतः लिहितात, आणि जी तक्रार घेऊन हे काम सुरू झाले ती एवढ्याने मिटली.

लहान पण छळणाऱ्या गोष्टी

मराठी टेम्प्लेट एका विंडोज सर्व्हरवर हलवल्यावर सगळी अक्षरे चिन्हांचा कचरा होऊन गेली. जावा १८ च्या आधी फाइल वाचताना, वेगळे सांगितले नसेल तर, यंत्राचे स्वतःचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहायची पद्धत) धरले जाते. टेम्प्लेट वाचताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारे एन्कोडिंग), मेलच्या मजकुराला यूटीएफ-८, विषयाला यूटीएफ-८, असे तिन्ही ठिकाणी स्पष्ट लिहिल्यावर ते थांबले.

प्रत्येक मेलचा एक साधा मजकुराचा भागही असतो. त्याचे टेम्प्लेट वेगळे ठेवले, कारण एचटीएमएलसाठीची सुरक्षित चिन्हे तिथे गेली की ‘जोशी & सन्स’ या दुकानाचे नाव ‘जोशी & सन्स’ असे विद्रूप दिसते.

जीमेल साधारण १०२ केबीपुढची मेल कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ दाखवतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. वर्षभराचा खातेउतारा मजकुरातच असलेली मराठी मेल कापली गेली आणि तळाची भरणा लिंक दिसेनाशी झाली. लिंक वर घेतली, उतारा पीडीएफमध्ये टाकला.

परिणाम

आता मजकुराचा बदल सपोर्टचे लोक करतात. प्रोग्रॅमरचा हात लागतो तो नवी बाब आली तरच. कोनी कंसातले शेरे दिसतात. तिमाहीच्या पाठवणीत दोन-चार मेल बाजूच्या रांगेत अडतात, आणि हिशेबनिसांना आता ते आवडते, कारण आधी ज्या चुका सभासदाकडून कळायच्या त्या त्यांच्याच पडद्यावर आधी दिसतात.

चाचणीसाठी अवघड सभासदांची एक सोसायटी बनवली आहे. तिथे क्रमांक लाखाच्या पुढचे आहेत, एकाच्या नावात ‘&’ आहे, एकाने आगाऊ भरल्यामुळे बाकी उणे आहे, एकाची थकबाकी शून्य, एकाला पार्किंग नाही, एकाच्या शेऱ्यात कोनी कंस. टेम्प्लेटमध्ये अक्षर जरी बदलले तरी या सगळ्यांच्या मेल नव्याने तयार होतात, ग्रीनमेल या चाचणीच्या मेल सर्व्हरवर जातात आणि आधी मान्य केलेल्या मेलशी ओळीगणिक ताडून बघितल्या जातात. फरक दिसला की तो माणूस बघतो. ही तपासणी सर्व्हरवरच्याच जावा आवृत्तीवर चालते.

काय वेगळे करता आले असते

उद्गारचिन्हांचा निर्णय हा माझ्या मते या प्रकरणाचा कळीचा क्षण होता. लाइव्हची तारीख चार दिवस पुढे गेली असती तर कोणाचे बिघडले नसते. त्या दिवशी कॅमलच्या पायरीची एक अट बदलणे पुरेसे होते, पण अडचण टेम्प्लेटमध्ये दिसली म्हणून उपायही तिथेच शोधला गेला.

पहिली पाठवणी सगळ्या सोसायट्यांना एकाच सकाळी करायला नको होती. एक सोसायटी, एक दिवस, आणि त्या दिवशी किती भरणे झाले ते बघून पुढची. लिंक मोडली आहे हे लॉग कधीच सांगणार नव्हता. न आलेले भरणे ते सांगू शकले असते.

लिंकमध्ये सभासद क्रमांक असणे हेच मुळात चूक होते. क्रमांक एकने वाढवून शेजाऱ्याचे बिल उघडता येत होते. पुढे तिथे प्रत्येक बिलासाठी अंदाज न बांधता येणारी अक्षरमाळ आली. ती संख्या नसल्यामुळे तिला कोणी स्वल्पविराम लावू शकत नाही. खाजगीपणाचा विचार पहिल्या दिवशी झाला असता तर स्वल्पविरामाचे प्रकरण घडलेच नसते.

मेल सर्व्हरने उत्तर द्यायला उशीर केला की कॅमल पुन्हा प्रयत्न करतो, आणि पहिली मेल प्रत्यक्षात गेलेली असली तर सभासदाला दोन मिळतात. सोसायटी, बिल क्रमांक आणि मेलचा प्रकार मिळून एक खूण ठेवून हे नंतर रोखले. ते पहिल्यापासून असते तर गेलेल्या मेलच्या वादात दुबार मेलची भीती थोडी कमी झाली असती.

एक मुद्दा अजून खुला आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि नोटीस मिळाली नाही किंवा तिच्यात अमुक विषय नव्हता असा वाद पुढे निघू शकतो. टेम्प्लेटची आवृत्ती आणि त्या वेळची माहिती ठेवली की मेल पुन्हा तयार करता येते, असे टीमचे म्हणणे होते. पण जावाची आवृत्ती बदलली की आकडे बदलतात हे याच प्रकरणात दिसले, म्हणून आता नोटिसा आणि थकबाकीची पत्रे पाठवली गेली त्याच रूपात साठवली जातात. ती किती वर्षे ठेवायची हे ठरलेले नाही. सोसायट्यांचे ऑडिटर आणि कंपनी यांचे त्यावर बोलणे चालू आहे.